पडद्याच्या दोन बाजू : एका संकुलातल्या जुन्या सिनेमाच्या रात्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

लालबाग-परळच्या पट्ट्यात आमची तीन मजली चाळ होती. मध्ये चौक, चौकाभोवती लाकडी गॅलऱ्या, पागडीच्या खोल्या, आणि बहुतेक बिऱ्हाडांत कुणी ना कुणी गिरणीत. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबत गेले, चाळ मात्र आणखी तीसेक वर्षं उभी राहिली. मग पुनर्विकास आला. बिल्डरने दिलेल्या भाड्यावर आम्ही सहा वर्षं कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला काढली. परत आलो तेव्हा त्याच जमिनीवर दोन इमारती होत्या. एक आमची, अठरा मजल्यांची, ३०० चौरस फुटांच्या घरांची. तिला सगळे 'रिहॅब', म्हणजे पुनर्वसनाची इमारत, म्हणतात. दुसरी विक्रीची, चाळीस मजल्यांहून उंच. तो 'टॉवर'. दोन्ही इमारतींची मुख्य फाटकं वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडतात. मध्ये पाच फुटांची भिंत आहे आणि भिंतीत एक लोखंडी दार. त्या दाराला कायम कुलूप असायचं, किल्ली टॉवरच्या सिक्युरिटीकडे. आमच्याकडे रोजच्या बोलण्यात टॉवरला कुणी टॉवर म्हणत नाही, 'पलीकडे' म्हणतात. "पलीकडे लाइट गेली नाही," "पलीकडच्यांचं पाणी चालू आहे," असं.

मंडळाचा गणपती चाळीच्या काळापासूनचा, आता आमच्या आवारात बसतो. टॉवरमधली बरीच कुटुंबं वर्गणी देतात, आरतीला येतात. यायला त्यांना रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. दोन वर्षांपूर्वी दोन्ही बाजूंची मिळून एक सांस्कृतिक समिती झाली, चार आमचे, चार त्यांचे. मी पालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, म्हणून निमंत्रकपद माझ्याकडे आलं. या प्रकरणातले बहुतेक निर्णय माझे आहेत, चुकलेलेसुद्धा. म्हणून ते मीच लिहायला हवं असं वाटलं.

समितीच्या पहिल्याच बैठकीत आमच्याकडच्या वयस्कांनी एक मागणी केली. चाळीत गणपतीत पडद्यावर सिनेमा दाखवायचे, तसा पुन्हा दाखवा. माझ्या लहानपणी १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर भाड्याने यायचा. दोन खांबांना पांढरं मांजरपाट ताणून बांधायचे. सोळाशे फुटांचं एक रीळ पाऊण तासाला थोडं कमी चालायचं. ते बदलेपर्यंत पोरं प्रकाशात हात धरून ससे-हरणं करायची. चौक भरला की उरलेले पडद्यामागे बसायचे. कापडातून चित्र आरपार दिसतं, फक्त डावं-उजवं उलटं. त्या बाजूने पाहिलं की नायिकेचा पदर उजव्या खांद्यावर आणि सगळी माणसं डावखुरी. मी स्वतः कितीतरी सिनेमे असे पाहिले आहेत.

सिनेमा कोणता

दोन नावं पुढे आली. टॉवरमधल्या सदस्यांनी सुचवला 'मिस्टर अँड मिसेस ५५', गुरुदत्तचा, १९५५चा. गरीब व्यंगचित्रकार आणि वारसाहक्काने लाखो रुपये मिळणारी मुलगी, मधुबाला, मुंबईचे रस्ते, ओ. पी. नय्यरची गाणी. हिंदी असल्याने सगळ्यांना समजेल, हा त्यांचा मुद्दा रास्त होता. मला तो सिनेमा आवडतो, पण त्यातली मावशी मला खटकते. बायकांच्या हक्कांबद्दल आणि घटस्फोटाच्या कायद्याबद्दल बोलणारी बाई म्हणजे हसण्याचा विषय, असं तो सिनेमा धरून चालतो. हिंदू विवाह कायदा त्याच १९५५ सालचा. आमच्या इमारतीत त्या कायद्याच्या आधाराने नवऱ्याच्या मारहाणीतून सुटलेल्या बाया आहेत. गणपतीसमोर त्यांना त्या मावशीवर हसायला लावणं मला नको होतं.

दुसरं नाव 'लाखाची गोष्ट', १९५२. दिग्दर्शन राजा परांजपे यांचं, लेखन आणि गीतं ग. दि. माडगूळकरांची, संगीत सुधीर फडके यांचं. परांजपे आणि राजा गोसावी हे त्यात दोन कफल्लक कलावंत मित्र. श्रीमंताच्या मुलीवर प्रेम जडतं आणि तिचा बाप अट घालतो. लाख रुपये देतो, ठरलेल्या मुदतीत सगळे खर्च करून दाखव. एरवी अशा गोष्टींत गरीब मुलाने आधी कमवून दाखवायचं असतं. इथे बाप खर्च करायला सांगतो. या उलट्या अटीत मला फार मोठी समज दिसते. पैसा मिळवण्यापेक्षा तो सहज हाताने सोडता येणं ही वरच्या वर्गाची खरी खूण आहे, आणि ती सवय ज्याच्या घरात नाही त्याला लाख रुपये देऊनही ती येत नाही. हे सगळं तो सिनेमा हसवत सांगतो. कुणाला कमी लेखत नाही.

आमच्या एका आजोबांनी बैठकीत एक किस्सा सांगितला. हा सिनेमा लागला तेव्हा नायक राजा गोसावी पुण्याच्या भानुविलास थिएटरात तिकिटांच्या खिडकीवर कामाला होते, आणि लोक सिनेमाच्या नायकाकडूनच त्याच्या सिनेमाची तिकिटं घेत होते. त्यानंतर मतदान घ्यावंच लागलं नाही.

परवानगीचं आधीच पाहिलं. टॉवरमधल्या एका वकिलांनी समजावून सांगितलं की १९५७च्या कायद्याप्रमाणे चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, म्हणजे या सिनेमाचा २०१२च्या अखेरीस संपला. पण गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं असतो. माडगूळकर १९७७ साली गेले, फडके २००२ साली. तेव्हा गाण्यांसाठीचा परवाना घ्या, वाद नको. घेतला. लाऊडस्पीकर उघड्यावर रात्री दहाच्या आत बंद व्हायला हवा, म्हणून आरती सहाला आणि सिनेमा सातला ठरला. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

अडचण

टॉवरमध्ये गुजराती, मारवाडी, दक्षिणेकडची बरीच घरं आहेत. मराठी सिनेमा ठेवायचा तर त्यांच्यासाठी खाली इंग्रजी उपशीर्षकं हवी होती. आमच्याकडचा एक मुलगा अंधेरीच्या एडिटिंग स्टुडिओत सहाय्यक आहे. त्याला उपशीर्षकं लावायचं काम येतं. टॉवरमधली एक मुलगी आर्किटेक्चर शिकते, तिचं इंग्रजी चांगलं. दोघांना मीच एकत्र बसवलं, माझ्या घरी, संध्याकाळी सात ते नऊ. तीन आठवडे ते काम चाललं.

त्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. 'त्या तिथे पलीकडे तिकडे' हे मालती पांडे यांनी गायलेलं गाणं याच सिनेमातलं. पहिल्या ओळीवरच दोघं अडली. 'तिथे', 'पलीकडे' आणि 'तिकडे', तिन्ही शब्द लांबचंच सांगतात, पण तिन्हींत अंतर वेगळं. बोट दाखवत दाखवत नजर पुढे सरकावी तसं. इंग्रजीत फिरून फिरून एकच शब्द हाताला लागत होता. मग 'झोपडे' आलं. मुलीने लिहिलं 'कॉटेज'. मुलगा म्हणाला, "कॉटेज लोणावळ्यात असतं. झोपडं म्हणजे झोपडं." ती म्हणाली, "प्रेयसीचं आहे रे, जरा छान वाटायला नको?" तो म्हणाला, "छान वाटतंयच की. झोपडं असूनच." ती बराच वेळ गप्प होती. मग तिने शब्द खोडला आणि 'हट' लिहिलं. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की या दोघांत काहीतरी सुरू झालं आहे. कदाचित त्यांच्याही तेव्हाच लक्षात आलं असेल.

सिनेमाच्या आठ दिवस आधी मुलीच्या वडिलांचा फोन आला. ते डॉक्टर आहेत, मराठी, दादरला वाढलेले, बोलायला अतिशय सभ्य. म्हणाले, "मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहे. पण मुलगी रोज रात्री नऊला रिहॅबमधून परत येते, लोक बोलायला लागलेत. आणि त्यात नेमका हा सिनेमा. गरीब मुलगा, श्रीमंत मुलगी. निदान तो तरी बदला." दोन्ही घरं मराठी, त्यामुळे भाषेचा प्रश्न नव्हता. जातीचं नाव कुणीच काढलं नाही. पण लग्नाची शक्यता दिसली की तो प्रश्न दाराबाहेर येऊन उभा असतो, हे फोनच्या दोन्ही टोकांना माहीत होतं.

त्याच आठवड्यात दुसरा वाद पेटला तो पडद्याचा. आमच्या आवारात मंडप असल्याने जेमतेम दीडशे माणसं मावतात. भिंतीच्या पलीकडे टॉवरचं गाड्या वळवायचं मोठं आवार आहे आणि त्यामागे पार्किंगचा छत असलेला तळमजला. पडदा कुठे लावायचा?

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, सगळ्यांनी टॉवरच्या क्लब हाऊसमध्ये बसायचं. तिथे हॉल आहे, एसी आहे. पण पाहुण्यांची संख्या ठरलेली, प्रत्येकाच्या नावाची नोंद, चपला बाहेर. आमच्या एका काकूंनी स्पष्ट सांगितलं, "गणपती आमच्याकडे बसतो आणि सिनेमा बघायला आम्ही नाव लिहून जायचं? मी नाही येत." मला त्यांचं पटलं.

दुसरा, भाड्याने हॉल घ्यायचा. खर्च झेपला असता. पण मग ते चाळीतल्यासारखं राहिलं नसतं, आणि म्हाताऱ्या माणसांना रात्री टॅक्सीने न्यायचं-आणायचं कुणी?

तिसरा, दोन पडदे, दोन प्रोजेक्टर, आपापल्या आवारात. सर्वांत सोपा आणि तांत्रिकदृष्ट्या निर्दोष. टॉवरच्या दोन सदस्यांना आणि खरं तर आमच्याही दोघांना हाच हवा होता. मी कडाडून विरोध केला. एकाच वेळी एकच सिनेमा भिंतीच्या दोन बाजूंना वेगवेगळा दाखवायचा असेल, तर समिती एकत्र कशासाठी केली?

चौथा, भिंतीवर उंच एकच कापड, दोन्ही बाजूंनी प्रेक्षक, जुन्या चाळीसारखं. इथे प्रश्न आला उलट्या बाजूचा. इंग्रजी अक्षरं लागणार टॉवरला. आम्हाला मराठी ऐकायला येतं, अक्षरं उलटी दिसली तरी बिघडत नाही. म्हणजे व्यवहार पाहिला तर सुलटी बाजू त्यांना आणि उलटी आम्हाला. हे मी बैठकीत मांडताच आमच्या बाजूचे लोक उसळले. "घरं लहान आम्हाला, लिफ्ट दोन आम्हाला, आता चित्रही उलटं आम्हाला?" त्यांच्या बोलण्यात तर्क कमी आणि दुखणं जास्त होतं. पण ते दुखणं सहा वर्षांच्या वनवासाचं होतं, आणि मी ते बाजूला सारू शकत नव्हते.

तोडगा उपशीर्षकं करणाऱ्या मुलाने काढला. तो म्हणाला, पडद्याला दोन गोष्टी असतात, सरळपणा आणि उजेड. प्रोजेक्टर ज्या बाजूला असतो त्या बाजूचे लोक कापडावरून परत येणारा उजेड बघतात, पलीकडचे कापडातून गाळून आलेला. तेव्हा उजेड सहसा प्रोजेक्टरच्या बाजूला जास्त. सरळपणा मात्र मशीनच्या मेनूत बदलता येतो. मग प्रोजेक्टर आपल्या बाजूला ठेवू आणि चित्र फिरवून अक्षरं त्यांच्या बाजूला सुलटी करू. आपल्याला चकचकीत पण उलटं, त्यांना जरा मंद पण वाचता येणारं.

दोन्ही बाजूंना काहीतरी मिळत होतं आणि दोन्ही बाजूंना काहीतरी सोडावं लागत होतं. ठराव आठापैकी सहा मतांनी मंजूर झाला.

राहिला डॉक्टरांचा फोन. सिनेमा बदलायचा नाही हे मी लगेच ठरवलं. एका घराच्या काळजीसाठी दोन इमारतींचा कार्यक्रम बदलला असता, तर कारण सगळ्यांना कळलं असतं आणि मुलीची जास्तच नाचक्की झाली असती. पण मुलांचं एकत्र काम थांबवायचं का? आणि सुरुवातीच्या पाटीवर त्यांची नावं द्यायची का? डॉक्टरांनी दुसरा फोन करून तेवढी तरी नावं टाळा अशी विनंती केली होती.

काय केलं

इथे मी तीन गोष्टी केल्या. त्यांतली एक बरोबर होती.

बरोबर ती ही की मी दोघांना काम माझ्या घरातून हलवून रिहॅबच्या तळमजल्यावरच्या वाचनालयात करायला सांगितलं. दार उघडं, लोकांची ये-जा, वेळ सहा ते आठ. बोलणाऱ्यांची तोंडं यामुळे बंद होतील या आशेने मी हे केलं नव्हतं. मुलगी जरा लवकर परत जावी एवढंच मनात होतं.

दुसरी, मी नावं काढली. पाटीवर लिहिलं, 'उपशीर्षकं : दोन्ही इमारतींतली मुलं.' मला वाटलं, हा मधला मार्ग. मुलाने वाचलं आणि मान हलवली. मुलगी मात्र माझ्याकडे पाहून म्हणाली, "काकू, तुम्हीपण?" मला उत्तर देता आलं नाही. तीन आठवड्यांचं काम त्यांचं होतं. ते कुणाच्या प्रेमाचं प्रमाणपत्र नव्हतं, नुसतं काम होतं, आणि ते मी दोघांकडून काढून घेतलं.

तिसरी गोष्ट ही सर्वांत मोठी चूक. मी मुलाच्या आईला जाऊन सांगितलं. त्या पोळीभाजी केंद्र चालवतात, पहाटे चारला उठतात, नवरा गेल्यावर दोन मुलं एकटीने वाढवली. माझा हेतू असा की त्यांना बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. पण त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या घाबरल्या. "बाई, ती डॉक्टरची पोरगी. उद्या पोलिसात गेले तर माझ्या पोराचं काय?" त्यांनी मुलाला समितीच्या कामाला जायला बंदी केली. तो दोन दिवस आला नाही. उत्तरार्धाची उपशीर्षकं मुलीने एकटीने पुरी केली. मशीनवर वेळ जुळवायचं तिला नीट येत नव्हतं, त्यामुळे शेवटच्या अर्ध्या तासात अक्षरं बोलण्याच्या दोन सेकंद मागे राहिली. गर्दीतल्या कुणाला ते जाणवलं नसेल. मला प्रत्येक ओळीला जाणवत होतं.

बाकीची तयारी आमच्या पोरांनी मन लावून केली. जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी असतो, म्हणून कापड बारा फूट रुंद, नऊ फूट उंच. पातळ मांजरपाट, चारही कडांना नाडी. खालची कड भिंतीच्या दोन फूट वर, म्हणजे बसलेल्यांच्या डोक्यांचा अडथळा नाही. प्रोजेक्टर आमच्या पहिल्या मजल्यावरच्या एका घराच्या खिडकीत. इतक्या उंचावर तो मुद्दाम ठेवला. खाली ठेवला असता तर आमच्याच लोकांची डोकी उजेडाच्या आड आली असती.

ती रात्र

सातला सुरुवात झाली तेव्हा आमच्याकडे सतरंज्यांवर पाय ठेवायला जागा नव्हती. पलीकडे प्लास्टिकच्या खुर्च्या, साठ-सत्तर माणसं. मुलाच्या आईने संध्याकाळी त्याला सोडलं होतं. तो खिडकीत प्रोजेक्टरपाशी होता. मुलगी पलीकडे.

सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी डॉक्टरांच्या आई रस्त्याने वळसा घालून, काठी टेकत, आमच्याकडे आल्या. नात हात धरून घेऊन आली आणि त्यांना बसवून परत गेली. मी खुर्ची दिली. म्हणाले, "आजी, पलीकडे चित्र सुलटं आहे." त्या म्हणाल्या, "मला उलटंच बघायचंय. गिरगावात आमच्या चाळीत आम्ही मागल्या बाजूलाच बसायचो. सिनेमा म्हटला की मला असाच आठवतो." डॉक्टरांची आई चाळीतली, हे समितीत कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टर स्वतःही ते कधी बोलले नव्हते.

लोक हसले, आणि दोन्हीकडे हसण्याच्या जागा पुष्कळदा वेगळ्या होत्या. पैसे खर्च करायच्या खटाटोपावर आमच्याकडे हशा उसळायचा, त्यात थोडी कळही असायची. माझ्या शेजारचे आजोबा पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अहो, त्या लाखात तेव्हा आपली अख्खी चाळ आली असती." पलीकडून हसू यायचं ते बापाच्या तोऱ्यावर. गाणं लागलं तेव्हा मात्र भिंतीच्या दोन्ही बाजूंनी लोक गुणगुणले. 'पलीकडे' हा शब्द आला आणि आमच्याकडच्या पोरांनी टॉवरकडे बोटं केली. मी दटावणार होते, एवढ्यात पलीकडूनही कुणीतरी आमच्याकडे बोट केलं.

सव्वाआठला पाऊस आला. भाद्रपद म्हटल्यावर धरून चालायलाच हवं होतं. मंडपावर ताडपत्री होती, मशीन खिडकीत सुरक्षित होतं, पण प्रेक्षकांचा अर्धा भाग उघड्यावर. आणि पडदा भिजला. भिजलेलं कापड उजेड कमी परतवतं आणि आरपार जास्त सोडतं. पूर्वी मागून चित्र टाकताना कापडावर पाणी मारत ते याचसाठी. बघता बघता आमच्या बाजूचं चित्र राखाडी झालं आणि पलीकडचं उजळलं. आमच्या वाट्याचा उजेड गेला.

डॉक्टर भिंतीपाशी येऊन ओरडले, "आई!" त्या खुर्चीतच बसून होत्या, डोक्यावर कुणाची तरी छत्री. रस्त्याने वळसा घालून त्यांना न्यायचं म्हणजे पावसात दहा मिनिटं. डॉक्टर सिक्युरिटीवाल्याला म्हणाले, "दार उघड." तो म्हणाला, "साहेब, परवानगी लागेल." डॉक्टर म्हणाले, "माझी आई भिजतेय. उघड."

कुलूप निघालं. आजी दारातून पलीकडे गेल्या आणि त्यांच्यामागे सतरंज्या डोक्यावर घेतलेली पन्नास पोरं, मग बायका, मग आजोबा. सगळे पार्किंगच्या छताखाली, गाड्यांच्या मध्ये, खांबांना टेकून. पलीकडच्यांनी खुर्च्या सरकवल्या, काहींनी गाड्या मागे घेतल्या. टॉवरमधल्या दोघी-तिघी नाराज होऊन वर निघून गेल्या, तेही सांगायला हवं. सिनेमा एक मिनिटही थांबला नव्हता. मुलगा खिडकीत एकटा होता आणि त्याच्या बाजूला आता कुणीच उरलं नव्हतं. त्याला फिकं आणि उलटं चित्र दिसत होतं, अक्षरंही उलटी. तीच अक्षरं शेवटच्या अर्ध्या तासात मागे पडत होती, आणि ती कुणी एकटीने लावली आहेत हे त्याला ठाऊक होतं.

साडेनऊला संपला.

नंतर काय झालं

दार विसर्जनापर्यंत उघडं राहिलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कुलूप. दोन्ही सोसायट्यांच्या फेडरेशनच्या पुढच्या बैठकीत आमच्याऐवजी टॉवरमधल्या वकिलांनी विषय काढला. तीन बैठका झाल्या. सुरक्षेचा मुद्दा, जबाबदारी कुणाची, कॅमेऱ्याचा खर्च कुणी करायचा. शेवटी संध्याकाळी पाच ते नऊ दार उघडं ठेवायचं ठरलं, वाचनालयासाठी आणि मुलांसाठी. आमच्या मागणीच्या मानाने हे कमी आहे. पण त्या वेळात पलीकडची सात-आठ मुलं आमच्या वाचनालयात येतात आणि आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना पार्किंगच्या छताखाली पावसाळ्यात फेऱ्या मारता येतात.

मुलाची आई माझ्याशी चार महिने बोलली नाही. संक्रांतीला तिळगूळ द्यायला मीच गेले. तिने घेतला. अजून पूर्वीसारखं नाही.

दोघांचं काय, हे मला विचारणारे बरेच भेटतात. हे लिखाण मी दोघांना वाचायला दिलं. त्यांनी दोन तपशील बदलायला सांगितले, ते बदलले. पुढचं त्यांनी मला लिहायला सांगितलेलं नाही, म्हणून लिहीत नाही.

पुन्हा करायचं झालं तर

दाराचा विषय मी आधीच काढायला हवा होता. पडदा भिंतीवर कसा टांगायचा यावर आम्ही दोन बैठका घालवल्या आणि भिंतीतल्या दाराबद्दल एक वाक्य बोललो नाही. माझ्यासकट आठही जणांनी कुलूप गृहीतच धरलं होतं. मला वाटतं, दाराची मागणी केली तर सिनेमाही हातचा जाईल ही भीती होती. ती भीती किती खरी होती हे तपासायला एक पत्र पुरलं असतं.

नावं मी काढणार नाही. डॉक्टरांना सांगेन, काम केलं त्याचं नाव लागतं, आणि मुलीला तिचं नाव नको असेल तर तिने मला सांगावं. हा निर्णय तिचा होता. मी तो तिच्या वडिलांशी फोनवर घेतला.

मुलाच्या आईकडे जाण्याआधी मुलाला विचारेन. एवढी वर्षं वर्गात मुलांना शिकवूनही एकवीस-बावीस वर्षांच्या माणसाच्या बाबतीत आधी त्याच्या घरी जायचं, ही माझी शाळेतली सवय सुटली नव्हती. टॉवरमधल्या मुलीच्या आईकडे मी गेले नव्हते, हेही मला नंतर जाणवलं. रिहॅबच्या घराचं दार वाजवणं मला सोपं वाटलं, कारण ते घर माझ्यासारखं होतं. समितीत बसून मी ज्या गोष्टीविरुद्ध बोलत होते, तीच मी त्या जिन्यावर केली.

पडद्याचा तोडगा मात्र मी तसाच ठेवेन, पावसाळ्यासाठी एक बदल करून. कापडावर पुढून-मागून दोन्हीकडे ताडपत्रीची पडवी, निदान चार फूट पुढे आलेली. आणि उपशीर्षकांची वेळ शेवटपर्यंत दोघांनी मिळून जुळवायची, एकाने वाचून, दुसऱ्याने मशीनवर. पहिल्या अर्ध्या भागात ती जुळली होती ती तशीच. कापड धुऊन, घडी करून समितीच्या कपाटात ठेवलं आहे. त्याच्या एका कडेची नाडी पावसात तुटली होती, ती मुलाच्या आईने शिवून दिली.